दोनपेक्षा जास्त

परळच्या त्या कंपनीत नवं सॉफ्टवेअर येऊन एक वर्ष झालं होतं, आणि तेवढ्यात त्याचं खरं नाव सगळे विसरलेसुद्धा. ऑफिसात त्याला सासू म्हणत. दौऱ्यावरून आलेल्या माणसाने मोबाइलवर बिलाचा फोटो टाकला की चार सेकंदांत ही बाई उलट विचारणार: आठला नाश्ता झाला, मग साडेनऊला पुन्हा चहा कशाला? दुमडलेलं बिल चालायचं नाही, पुसट शाई चालायची नाही, आणि रिक्षावाला बिल देत नाही हे तर तिला कधी पटायचंच नाही. "काय रे, सासूने पास केलं का?" असं लोक लिफ्टमध्ये एकमेकांना विचारत.

या सासूला घरात आणलं होतं संघमित्रा तांबेने. कंपनी डायलिसिसची मशिनं बनवते, आणि ती दुरुस्त करणारे तंत्रज्ञ राज्यभरच्या हॉस्पिटलांतून फिरत असतात. त्यांचा प्रवास, मुक्काम, जेवणखाण, सगळी बिलं तपासायचं काम संघमित्राकडे होतं. एकोणीस वर्षं. एवढ्या वर्षांत तिच्या टेबलावरचा कागदांचा डोंगर कधी हलला नव्हता, आणि तिकडे बिचारा तंत्रज्ञ स्वतःच्या खिशातून गेलेल्या पैशांसाठी दीड-दीड महिना वाट बघायचा. कुणाचं बिल टाचणीतून निसटायचं, कुणाचं साहेबांच्या ड्रॉवरमध्ये झोपायचं. तिने दोन वर्षं वरच्यांच्या मागे लागून हे सॉफ्टवेअर मंजूर करून घेतलं. आता तिसऱ्या दिवशी पैसे खात्यात. सासूला नावं ठेवणाऱ्यांनीही हे मान्य करायला हवं होतं, पण मान्य करतील तर ते ऑफिस कसलं!

मशीनला शिकवायला सॉफ्टवेअरवाल्यांकडून अभय नावाचा मुलगा आला होता. हुशार, अंगात टी-शर्ट, बोलताना नजर लॅपटॉपवर. पहिल्याच मीटिंगमध्ये तो म्हणाला, "मॅडम, खोटं बिल तुम्ही पकडता कसं? तेवढं मला सांगा. बाकी मी बघतो."

संघमित्राने सांगितलं. माणसाला आपलं कसब विचारलं की कोण गप्प बसतं? टॅक्सीच्या सहा पावत्यांवर ओळीने नंबर असले तर पुस्तकच विकत घेतलेलं असतं, हे सांगितलं. सहा शहरांतली सहा बिलं एकाच हस्ताक्षरात असतात, हे सांगितलं. तिसरी गोष्ट मुक्कामाची. पूर्वी सहा सेल्समन एका लॉजच्या एका खोलीत राहून सहा खोल्यांचे पैसे घ्यायचे, ते तिनेच पकडून दिले होते. म्हणून ती म्हणाली, "एका पत्त्यावर एका रात्री फार माणसं दिसली की समजायचं, गडबड आहे."

"फार म्हणजे किती? मशीनला आकडा लागतो."

"दोन," ती म्हणाली. "दोनपेक्षा जास्त नाहीत."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण ऐकणारे खूश झाले. फायनान्सचे मुख्य रमाकांत सर ठाकूरद्वारचे, शब्द तोलूनमापून वापरणारे गृहस्थ, तेसुद्धा म्हणाले, "संघमित्रा, तुमचं डोकं या यंत्रात उतरलं तर आपल्याला ऑडिटरची गरज नाही." तो तिचा नियम क्रमांक तीन झाला. खाली तिचं नाव कुठेच नव्हतं. यंत्रात नियमांना नंबर असतात, आईबाप नसतात. आणि एप्रिलपासून या सगळ्या विभागाची प्रमुख म्हणून तिचं नाव नक्की झालं होतं, हेही इथेच सांगून टाकतो, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

मार्चमधल्या एका गुरुवारी शिवा तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. शिवा कणकवली भागाचा तंत्रज्ञ. अकरा वर्षं कंत्राटावर. रात्री दोनला हॉस्पिटलचा फोन आला तरी बॅग उचलून निघणारा माणूस, आणि यंदा कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव पहिलं होतं. दर तीन महिन्यांनी ट्रेनिंगला तो मुंबईत येई, दोन रात्री राही.

"मॅडम, ह्या काय आसा ता बघा जरा," तो म्हणाला आणि त्याने मोबाइल पुढे केला.

पत्र सासूनेच धाडलेलं होतं. माणसाची सही नाही. नियम क्रमांक तीन. एका पत्त्यावर एका रात्री अशक्य संख्येने मुक्काम. वर्षात असे प्रकार चार. दावे बनावट समजण्यात येत आहेत. खातं बंद. सोमवारी समितीपुढे हजर राहावे. समाधानकारक खुलासा न झाल्यास कंत्राट वाढवले जाणार नाही. असंच पत्र विनीत, गणपत आणि राजाराम यांनाही गेलं होतं. चौघं एका गावचे. शिवा आधी लागला आणि त्याने एकेकाला हाताला धरून आणलं. आपल्याकडे नोकऱ्या अशाच लागतात.

"तुम्ही चौघं राहता कुठे?"

"कुठे म्हणजे? लालबागला. आमच्या गावच्या खोलीत." हे जगाला ठाऊक असल्यासारखं तो म्हणाला.

संघमित्राला खरंच ठाऊक होतं. गिरणगावात वाढलेल्या कुणाला ठाऊक नसेल? कोकणातल्या गावाने वर्गणी काढून चाळीत एक खोली घ्यायची, आणि गावचा जो कोणी मुंबईत येईल त्याने तिथे पाठ टेकायची. आजोबा टेकत, बाप टेकी, आता नातू टेकतो.

"कंपनी हॉटेलचे तीन हजार देते. तुम्ही घरगुती मुक्कामाचे सातशे घेता. हॉटेलात का नाही उतरत?"

"हॉटेलात?" शिवाला त्याही परिस्थितीत हसू आलं. "मॅडम, गावची खोली असताना हॉटेलात उतरलो तर गावात काय म्हणतील? शिवाक पैसो झालो! तोंड नाय दाखवता येणार." मग त्याचं हसू विझलं. "आणि आता हे. फ्रॉड. मी गाव मंडळाचा खजिनदार आहे मॅडम. त्या तिघांच्या घरी मी शब्द दिलाय. नोकरी गेली तर दुसरी बघीन, पण चोर म्हणून गावात कसा जाऊ? माझं चुकलं काय, ते तरी सांगा. चार जण म्हणे अशक्य. अहो, आमच्यासोबत त्या रात्री अजून नऊ जण होते. ते तर आम्ही कंपनीला सांगितलेपण नाय!"

संघमित्राने त्याला बसवलं, पाणी दिलं, सोमवारपर्यंत काहीतरी करते म्हणाली. नियम कुणाचा ते मात्र बोलली नाही. तिला बोलवेना. अशक्य हा शब्द अभयने घातला असेल, पण दोन हा आकडा तिचा होता.

तिचं घर भोईवाड्यात. जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत नवव्या मजल्यावर दोन खोल्या. एक तिची, एक बाबांची. बाबुराव तांबे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मिलच्या त्रासन खात्यात सूत कातण्यात जन्म गेलेला. ती आली तेव्हा ते वर्तमानपत्रावर सुकट पसरून डोकी मोडत बसले होते. तिने बॅग ठेवली आणि शिवाची हकीकत सांगितली. फक्त शिवाची.

"किती जण होते म्हणालीस?"

"चार."

बाबुराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. "चार! अगं, लग्नाआधी मी आपल्या गाववाल्यांच्या खोलीत होतो, तिथे आम्ही एकवीस. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच ऊबदार वाकळेवर आडवा. तेव्हा गावाच्या खोल्यासुद्धा जातवार होत्या. त्यांच्या वेगळ्या, आपल्या वेगळ्या. गर्दी मात्र सगळीकडे सारखी." ते डोळे पुसत म्हणाले, "मग? यांच्या मशीनला किती चालतात?"

"दोन. दोनपेक्षा जास्त नाहीत."

बाबुरावांचं हसू थांबलं. त्यांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "दोनच का?"

"कुणीतरी ठरवलं असेल," ती म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. मोरीत उभं राहून तिला स्वतःची लाज वाटली. तिच्या लहानपणी त्याच भोईवाड्यात, एका खोलीत, ते आठ जण होते. आईबाप, तीन भावंडं, काका आणि शिकायला आलेले दोन चुलतभाऊ. आणि तिनेच चार माणसांना अशक्य ठरवलं होतं. परक्याने केलं असतं तर तिने त्याची सालटी काढली असती.

शुक्रवारी ती साडेआठला ऑफिसात जाऊन बसली आणि नियम तीनखाली वर्षात सापडलेल्या सगळ्यांची यादी तिने काढली. एकसष्ट माणसं. एकेक पत्ता वाचत गेली. सांगलीला बहिणीच्या घरी उतरलेले मामेभाऊ. नाशिकला धर्मशाळेत झोपलेले पाच ड्रायव्हर. नागपूरला एका नर्सच्या क्वार्टरमध्ये राहिलेल्या तिघी. एकसष्टांत एकही हॉटेल नव्हतं. सगळे सातशेवाले, कंपनीचे पैसे वाचवणारे, आणि विचारला तो पत्ता खरा लिहिणारे. ज्यांच्यासाठी नियम केला ते सेल्समन केव्हाच शहाणे झाले होते. ते वेगवेगळे पत्ते टाकत आणि सासू त्यांना ओवाळून घरात घेई. शिवाने खोटे चार पत्ते लिहिले असते तर त्याचं आज काही बिघडलं नसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि फास तिने वळलेला.

तिने अभयला फोन लावला.

"अरे मॅडम, टेन्शन काय घेता?" अभय म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे. लालबागचा पत्ता अपवादात टाकतो. चौघांचं लाल चिन्ह आपोआप हिरवं होईल, समितीची गरजच नाही. कुणाला कळणार पण नाही."

कुणाला कळणार पण नाही. किती गोड वाक्य आहे! संघमित्रा खरं म्हणजे हो म्हणणार होती. तिच्या ओठांवर आलं होतं. शिवा सुटला असता, एप्रिलमध्ये तिच्या केबिनवर नाव लागलं असतं, सुंठीवाचून खोकला गेला असता.

"आणि बाकीचे सत्तावन्न?" तिने विचारलं.

"त्यांनी कंप्लेंट केली की बघू ना एकेक करून."

नाशिकचे ड्रायव्हर कंप्लेंट करणार नव्हते. नर्सच्या मैत्रिणी करणार नव्हत्या. ही माणसं सातशे रुपये सोडून देतात आणि चोर म्हटल्याचा डंख मनात घेऊन पुढच्या दौऱ्याला जातात. एकोणीस वर्षं तिने त्यांचे कागद हाताळले होते, तिला माणसं माहीत होती.

"नको," ती म्हणाली. "अपवाद नको. सोमवारी तू समितीला ये. लॅपटॉप घेऊन ये."

शनिवारी सकाळी ती लालबागला जाऊन खोली बघून आली, आणि रविवारी तिने एका कागदावर चार ओळी लिहिल्या. त्यातली पहिली ओळ तिने तीन वेळा खोडली आणि चौथ्यांदा तशीच लिहिली.

सोमवारी समिती म्हणजे रमाकांत सर, कोपऱ्यात अभय आणि टेबलाच्या या बाजूला शिवा. बाकीच्या तिघांच्या वतीनेही तोच आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. संघमित्रा शिवाच्या बाजूला बसली. रमाकांत सरांच्या ते लक्षात आलं.

ते वाईट माणूस नव्हते. फाइल बंद करत म्हणाले, "हे पाहा, मी रेकॉर्ड पाहिलं आहे. शिवाचं काम उत्तम आहे. आपण हे वाढवायला नको. चौघांना या वेळी माफ करू, लेखी इशारा देऊ आणि विषय संपवू."

शिवाने मान खाली घातली. नोकरी वाचत होती, आणि तरी त्याचा चेहरा पडला.

"माफ कशाबद्दल, सर?" संघमित्रा म्हणाली.

"म्हणजे?"

"गुन्हा असेल तर माफी. यांनी केलंय काय? झोपले, आणि जिथे झोपले ते खरं लिहिलं. इशाऱ्याचं पत्र फाइलला राहिलं तर हे कायम होणार नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. मला माफी नको, सर. नियम चुकला असं लिहून हवंय. या चौघांना, आणि या सत्तावन्नांना." तिने यादी पुढे सरकवली.

रमाकांत सरांनी चष्मा काढला. "नियम आपण सर्वांनी मंजूर केलेत. ते अनुभवावरून केलेत. कुणाच्या सांगण्यावरून..."

"माझ्या." कागदावरची पहिली ओळ तीच होती. "नियम तीन माझा आहे, सर. अभयला विचारा. दोन हा आकडा मी दिला. विचार न करता दिला."

शिवाने झटकन तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिला चुकवायची होती. तिने चुकवली नाही.

"संघमित्रा," सर हळू आवाजात म्हणाले, "तुमचं नाव पुढच्या आठवड्यात जाहीर व्हायचंय. हे मिनिट्समध्ये लिहायला लावू नका."

"लिहा, सर."

मग सरांनी दुसरा मार्ग धरला. हिशेबी माणूस भावनेला बधत नाही, आणि बधूही नये. "ठीक. पण तुमचं म्हणणं तरी पटू द्या. शिवाच्या खुलाशात आहे, दहा बाय बाराची खोली, त्यात तेरा माणसं. मला तर हे शक्यच वाटत नाही."

"चालत बारा मिनिटं आहे," संघमित्रा उठली. "चला."

रमाकांत सरांना वाटलं ती रागाने बोलतेय. पण ती दार उघडून उभी राहिली, आणि मुख्य असले तरी ते ठाकूरद्वारचे, जुन्या वळणाचे. कुणी घरी चला म्हटल्यावर नाही म्हणणं त्यांना जमेना. दुपारी साडेबाराच्या उन्हात ते तिघे आणि शिवा लालबागच्या चाळीचा जिना चढले.

खोली सांभाळायला बुधाजी होते, मिलमधून सुटलेले, पंच्याऐंशीचे. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोला. पाळीची माणसां निजली हत." आत, भिंतीला डोकी लावून, तीन सिक्युरिटी गार्ड गाढ झोपले होते. वर फळीवर पत्र्याच्या ट्रंका, प्रत्येकीवर रंगाने नाव. भिंतीशी वळकट्यांची चळत, ग्रामदेवतेची तसबीर, आणि मंडळाने कधीतरी जिंकलेली क्रिकेटची ढाल. दाराजवळ फळा, त्यावर खडूने अकरा नावं, आणि प्रत्येक नावापुढे जागा: खिडकी, मोरी, दार, मधे.

रमाकांत सरांनी बूट काढले. फळा वाचला. "किती माणसं झोपतात इथे?"

"कधी? दिवसा की राती?" बुधाजींनी विचारलं. मग तेच म्हणाले, "राती तेरा-चौदा. आजारी माणसाक खिडकी. पहाटे उठणारो दाराकडे. चतुर्थीक मात्र मी एकलोच, सगळे गावाक."

"मागच्या नावांची नोंद असेल ना कुठे? गेल्या वर्षाची?"

"सकाळी फळो पुसतंव. निजाक नोंद कित्याक व्हयी?"

सर संघमित्राकडे वळले. "म्हणजे मागच्या रात्रींचा पुरावा नाही."

"नाही, सर," ती म्हणाली. "तो माझ्याकडे नाही. पण पत्रात काय लिहिलंय? अशक्य. हे लोक झोपले की नाही, ते मी फोन करून बुधाजींना विचारू शकले असते. कुणी विचारलंच नाही, कारण यंत्राने अशक्य म्हटलं, आणि अशक्य गोष्टीची चौकशी कोण करतो? आता तुम्ही उभे आहात इथे. अशक्य आहे का सांगा."

रमाकांत सरांनी पुन्हा एकदा खोली पाहिली. ट्रंका पाहिल्या. शिवा कणकवली, विनीत कणकवली. बुधाजी त्यांच्याकडे निरखून बघत होते. त्यांना वाटलं, एवढा बूट काढून उभा राहिलेला माणूस म्हणजे जागा मागायलाच आला. ते अदबीने म्हणाले, "तुमका ऱ्हवाचा आसा काय? आसा जागा. मधे आसा."

सर हसले नाहीत. "नाही, बाबा. आभारी आहे," म्हणाले, आणि जिन्यात आल्यावर अभयला म्हणाले, "तिसरा नियम काढून टाका. आजच."

ऑफिसात परतल्यावर त्यांनी पत्र स्वतः सांगितलं. नियम सदोष होता, दावे खरे धरण्यात येत आहेत, दिलेली नोटीस रद्द. एकसष्ट प्रती. सही यंत्राची नको, माझी घाला, असंही म्हणाले. मग संघमित्राला थांबवून, खिडकीबाहेर बघत, त्यांनी तिला विभागप्रमुखपदाचं पुढच्या वर्षी बघू असं सांगितलं. मिनिट्स वर जातात, वरचे विचारतात, त्यांचाही नाइलाज होता. तिला वाईट वाटलं. खूप वाटलं; त्या केबिनसाठी तिने एकोणीस वर्षं घालवली होती. पण तिने ते पद मागितलं नाही आणि पाणीही डोळ्यांत येऊ दिलं नाही.

अभय तिच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन खोळंबला होता. "मॅडम, नियम काढला तरी सिस्टीमला त्या रकान्यात आकडा लागतो. दोनच्या जागी काय टाकू? वीस?"

"काही टाकू नकोस. रिकामा ठेव. संशय आला तर सासूने घ्यावा खुशाल. पण निकाल द्यायचा नाही. माझ्याकडे पाठवायचं. मी फोन करून विचारीन."

"प्रत्येकाला? हे तर पुन्हा मॅन्युअल झालं."

"झालं तर झालं," ती म्हणाली आणि तिने यादीतला पहिला नंबर फिरवला. नाशिकचा ड्रायव्हर होता. पत्र येईलच, पण आधी मी बोलते, असं म्हणून तिने त्याला सगळं सांगितलं, नियम कुणी केला होता ते धरून. शिवाला समोरासमोर सांगून झालं होतं; उरलेल्यांपैकी संध्याकाळपर्यंत तिचे बावीस फोन झाले. कुणी चिडलं, एकीने फोन आपटला. तिने ते ऐकून घेतलं. उरलेले अडतीस उद्यावर ठेवले.

निघताना लिफ्टपाशी शिवा उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आपण होऊन सांगितलंत. नायतर आमका कधीच कळला नसता." मग जरा थांबून, "राग आला होता. आता नाय."

"आला असेल तर असू दे," ती म्हणाली. "मलापण आलाय."

घरी बाबुराव गॅलरीत खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. तिने चपलाही काढल्या नाहीत. "बाबा, तो नियम मी केला होता. दोनचा."

"माहीत आहे मला."

ती बघतच राहिली. "कुणी सांगितलं?"

"तूच. त्या दिवशी दोन म्हणालीस ना, तेव्हा." बाबुरावांनी कप खाली ठेवला. "तू खाटेखाली झोपायचीस. सात वर्षांची असशील. चुलतभावाचा पाय रोज तुझ्या तोंडावर यायचा. रोज रडायचीस आणि रोज एकच म्हणायचीस. मी मोठी झाले की एका खोलीत दोनच माणसं. दोनपेक्षा जास्त आलं तर हाकलून देईन. तुझी आई पोट धरधरून हसायची. मला नाही यायचं हसू. मी म्हणायचो, पोरीच्या तोंडात साखर पडो."

संघमित्रा उंबऱ्यावरच खाली बसली. तिला ते आठवत नव्हतं, आणि पाय मात्र आठवत होता; त्या पायाचा वास, खाटेच्या दोऱ्यांतून पडणारा भुसा, सगळं. आई या दोन खोल्या बघायला राहिली नाही, हेही त्याच वेळी आठवलं आणि दिवसभर अडवलेलं रडू एकदम आलं.

बाबुरावांनी तिला रडू दिलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आकडा वाईट नव्हता गं. तू तो मागायला शिकलीस, म्हणून इथवर आलीस. फक्त मागायचा आकडा होता तो. तू तो लोकांवर लावलास."

तिने डोळे पुसले, चपला काढल्या आणि उद्याच्या अडतीस जणांची यादी बॅगेतून बाहेर काढून टेबलावर ठेवली.